उल्हासरावांचं ऑलिंपिया

उल्हास, तुझ्या पंच्याहत्तरीचं पुस्तक निघतंय म्हणे. सिद्धेशचा मेसेज आला, "मावशी, बाबांवर दोन पानं द्या ना, छानसं काहीतरी." छानसं लिहिणारे पुष्कळ आहेत रे. एडिसनमधली निम्मी मराठी मंडळी तू न्यूअर्कच्या विमानतळावरून घरी आणून टाकलेली आहेस. सामान डिकीत कसं रचावं यावर प्रत्येकाला वाटेत एक व्याख्यानही दिलेलं आहेस. ते लिहितील. कुणी तुला कर्मयोगी म्हणेल, कुणी हरहुन्नरी म्हणेल, एखादा दीपस्तंभ म्हणायलाही कमी करणार नाही. मी मात्र ग्रीसच्या त्या दिवसाबद्दल लिहिणार आहे. तो दिवस तू सगळ्यांना सांगत फिरतोस, आणि त्यातला बराचसा तू घोरत घालवलेला आहेस. तुझ्या विहीणबाई तोंड उघडणार नाहीत, कारण त्यांची लेक तुझ्या घरात दिलेली आहे. माझी दिलेली नाही. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता जे सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते. त्या तुला उल्हासराव म्हणतात, म्हणून मीही इथून पुढे तसंच म्हणते. फुगू नकोस.

तर उल्हासराव टिपणीस. मूळचे ठाण्याचे. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. ते कंपनीतून निवृत्त झाले, मॅनेजरकीतून नाही. घरची भाजी, मंडळाचा गणपती, अंगणातलं गवत, सगळ्याला त्यांच्याकडे प्लॅन असतो आणि तो फसलाच तर प्लॅन बी. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते बायकोला, अपर्णाताईंना, विचारतात, "आज तुझं काय काय आहे?"

"पोळ्या," त्या म्हणतात.

"काही ब्लॉकर?"

"आहे ना. तुम्ही ओट्याजवळून हला."

या माणसाचं दुसरं लक्षण म्हणजे पानात काही टाकायचं नाही. लहानपणी आई ताट लख्ख झाल्याशिवाय उठू देत नसे, म्हणून स्वतःचं ताट लख्ख करतात, इथवर ठीक आहे. पण हे दुसऱ्यांचीही करतात. ओक ट्री रोडवर बुफेला गेलं की जेवण संपता संपता यांची नजर टेबलावरून टेहळणी करत फिरते. कुणाच्या ताटलीत अर्धा गुलाबजाम, कुणाच्या वाटीत घोटभर कढी. "टाकणार का हे?" "पोट भरलं हो काका." "आण इकडे." साखरेच्या डॉक्टरांनी हात टेकले, अपर्णाताईंनी कपाळाला लावले. उल्हासरावांचं म्हणणं एकच: कुणीतरी राबून केलेलं, प्रेमानं वाढलेलं टाकायचं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर टाकल्यासारखं आहे. बोलायला सुरेख. ऐकणाऱ्याला आपलाच गुलाबजाम पापासारखा वाटायला लागतो.

दारूच्या बाबतीत मात्र माणूस कोरा. अमेरिकेत जन्म गेला, पण पार्टीत हातात आल्याचा सोडा. "आम्ही घेत नाही," हे ते अशा सुरात सांगत की घेणाऱ्याला घसा साफ करावासा वाटे.

आता विहीणबाई. सुहासिनी उमाळकर अमरावतीच्या. तिथल्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राचीन इतिहास शिकवला. दर वर्षी ग्रीस आलं की त्या फळ्यावर खडूनं ऑलिंपियाचा नकाशा काढायच्या. हे झ्यूसचं देऊळ, हे हेराचं, हा दगडी कमानीचा बोळ, आणि बोळातून बाहेर पडलं की हे धावण्याचं मैदान. उत्तरेकडच्या उतारावर एक छोटा चौकोन काढून त्या खडू ठेवायच्या आणि हात झटकायच्या. लग्न झालेल्या बाईला खेळ बघायची बंदी होती. मुभा होती ती एकीलाच, धान्यदेवता डिमीटरच्या पुजारिणीला. तिची जागा तो चौकोन.

"मॅडम, मग बाकीच्या बायका काय करायच्या?" कुणीतरी विचारायचंच.

"स्वयंपाक," सुहासिनीबाई म्हणायच्या, आणि फळा पुसायच्या.

नकाशा तोंडपाठ, पण पाय कधी लागले नाहीत. आधी पगार तेवढा नव्हता, मग यजमानांचं आजारपण, मग लेकीचं, नेत्राचं, बाळंतपण. नेत्राचं लग्न उल्हासरावांच्या सिद्धेशशी झालं आणि सुहासिनीबाई एडिसनला लेकीकडे आल्या. तेव्हापासून त्यांनी जिभेला कुलूप घातलं. फटकळ बाई, कॉलेजात प्राचार्यांना सुनावणारी. पण व्याह्यांसमोर गप्प. मुलीकडची माणसं नमती असावीत हा नियम आपण अमेरिकेच्या इमिग्रेशनमधून न दाखवता आत आणलेला आहे. उल्हासराव म्हणाले की विहीणबाई, डिशवॉशरमध्ये ताटं डावीकडे तोंड करून लावायची, की या लावायच्या डावीकडे.

आणि मग उल्हासरावांनी मंडळाच्या ज्येष्ठांसाठी भूमध्य समुद्रातली बोटीची सहल काढली. नेत्रानं आईचं तिकीट काढलं. बेसमेंटमध्ये पडदा लावून उल्हासरावांनी सगळ्यांना प्रेझेंटेशन दिलं. त्यात एक स्लाइड आली, काताकोलो बंदर, ऑलिंपिया. सुहासिनीबाईंच्या हातातला चिवडा हातातच राहिला.

बंदरातून ऑलिंपियाला बोटवाल्यांची स्वतःची सहल होती. सकाळी बस, थेट अवशेष. उल्हासराव म्हणाले, छे, ती मेंढरांची सहल, आपण आपली मिनीबस करू. त्यांनी इंटरनेटवरून ती केली. पॅकेजमध्ये फुकट होतं म्हणून आधी एका द्राक्षमळ्यात वाइन चाखायची, मग अवशेष.

प्रेझेंटेशननंतर चहाच्या वेळी सुहासिनीबाई त्यांच्याजवळ गेल्या. इतक्या वर्षांत व्याह्यांकडे काही मागण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"उल्हासराव, एक विनंती होती. आधी अवशेष करू या का? वाइन मागून. मला ते मैदान बघायचंय."

"विहीणबाई, लॉजिक समजून घ्या," उल्हासरावांनी कप खाली ठेवला, म्हणजे आता वेळ लागणार. "बोटीच्या सगळ्या बसेस सकाळी अवशेषांवर. गर्दी पीकला. आपण उलटे जाणार. आपण पोचू तेव्हा मैदान रिकामं. तुम्ही एकट्या पळा हवं तर!"

सगळे हसले. सुहासिनीबाईही हसल्या, मुलीकडच्यांना हसावं लागतं तशा.

"पण मळ्यात उशीर झाला तर?"

"बफर ठेवलाय, जादाचा वेळ," उल्हासराव म्हणाले.

बंदरात उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. प्रत्येकाच्या डोक्यावर मंडळाची केशरी टोपी, पाठीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी. बोटीवर चोवीस तास फुकट खायला असूनही आपली माणसं दशम्या घेऊन ग्रीसच्या भूमीवर उतरली. सिकंदर उलट दिशेनं आला तेव्हा त्यानं निदान घोडे आणले होते.

बोटीच्या बसेस ओळीनं डावीकडे वळल्या आणि केशरी टोप्यांची मिनीबस उजवीकडे. सुहासिनीबाई खिडकीतून त्या बसेसकडे बघत राहिल्या. शेजारी त्यांच्याच केबिनमधल्या कांचनताई. त्या म्हणाल्या, "काय हो, इतकं काय आहे त्या दगडांत?"

"काही नाही. दगडच आहेत."

"मग झालं तर. दगड कुठे पळून जातात?"

मळा होता मात्र देखणा. द्राक्षवेलींचा मांडव, खाली लांब लाकडी टेबल, पलीकडे ऑलिव्हची झाडं. मालकीण पन्नाशीची, दणकट, कमरेला एप्रन, इंग्रजी मोडकं पण बेधडक. तिनं प्रत्येकापुढे ग्लास ठेवले आणि टेबलाच्या मधोमध एक पत्र्याची बादली. चाखायचं, आवडलं तर प्यायचं, नाही तर उरलेलं बादलीत ओतायचं. तिनं हे हातवारे करून सांगितलं. सगळ्यांना कळलं. उल्हासरावांना कळलं नाही असं नाही; त्यांना पटलं नाही.

पहिली वाइन पांढरी. बायकांनी ग्लास नाकाशी नेले, ओठ बुडवले आणि आवळा खाल्ल्यासारखी तोंडं केली. कांचनताईंनी सरळ बादलीकडे हात केला.

"अहो अहो! काय करताय?" उल्हासराव खुर्चीतून अर्धे उठले.

"ओततेय. तिनंच सांगितलंय."

"ती सांगेल हो! घरधनीण आहे, ती कशाला म्हणेल संपवाच म्हणून? पण बाईनं स्वतःच्या हातानं वाढलंय, तिच्यासमोर तिच्या कष्टाचं बादलीत ओतायचं? आपण एवढे शिकलेलो. ती काय म्हणेल, इंडियन लोक असे?"

"मग तुम्ही घ्या," कांचनताई म्हणाल्या.

झालं. इतिहासात साम्राज्यं याहून लहान वाक्यांवर बुडाली आहेत.

उल्हासरावांनी ग्लासाकडे पाहिलं. एकीकडे जन्माचं 'आम्ही घेत नाही', दुसरीकडे जन्माचं 'पानात टाकायचं नाही'. आई कोणत्या बाजूची होती हे ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही. डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसा त्यांनी ग्लास रिकामा केला. मग अपर्णाताईंचा. मग दातांचे निवृत्त डॉक्टर मनोहरराव पलीकडे बसले होते, त्यांच्या पत्नीचा.

आता मालकिणीची बाजू ऐका. तिला काय दिसलं? टोपीवाल्या म्हाताऱ्यांत एकच माणूस कदर करणारा निघाला, थेंब ठेवत नाही. ती खूश. रिकामा ग्लास दिसला की भरणं हा तिचा धर्म, भरलेला दिसला की संपवणं हा यांचा. आपल्या लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणारी आत्या आठवा. पण पंगतीत निदान पानावर आडवा हात धरायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ग्लासावर हात धरायचा असतो हे उल्हासरावांना कोण शिकवणार? जन्मात कधी घेतली असती तर कळलं असतं.

"निघायचं ना उल्हासराव?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"हो हो. एवढं संपवतो."

लाल आली. तिनं नाव सांगितलं, कुणाच्या जिभेला ते वळलं नाही. सोबत चीज, ऑलिव्ह, पाव. दशम्या बाहेर पडल्या. मालकिणीनं लसणाची चटणी बोटाला लावून चाटली, डोळे विस्फारले आणि त्या आनंदात सगळ्यांचे ग्लास पुन्हा भरले. बायकांनी ते निमूटपणे उल्हासरावांपुढे सरकवले. कुणाच्या ध्यानातही आलं नाही की आपण बादलीची जागा बदललेली आहे.

"उल्हासराव, ऊन कलतंय."

"विहीणबाई, बफर," ते म्हणाले, पण तो शब्द आता जरा पसरट झाला होता.

पुढचं लवकर लवकर सांगते, कारण ते बघवणारं नव्हतं. उल्हासरावांनी आधी टोपी उलटी केली. मग उभं राहून ग्रीस आणि महाराष्ट्र यांच्या मैत्रीवर इंग्रजीत भाषण केलं. मग आपलं प्रमोशन कुणी अडवलं ते सांगितलं, नावानिशी. मालकिणीनं टाळ्या वाजवल्या. मग ते अचानक हळवे झाले, खुर्ची ओढत सुहासिनीबाईंच्या समोर आले आणि त्यांच्याकडे बोट रोखलं.

"विहीणबाई. खरं सांगा. तुम्हाला माझं काहीच पटत नाही ना?"

अपर्णाताई ऑलिव्हच्या बिया मोजल्यासारखं करू लागल्या.

"नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"डिशवॉशर?"

"तोही नाही."

उल्हासरावांनी फार गंभीरपणे मान हलवली. "नोटेड," ते म्हणाले, आणि टेबलावर डोकं ठेवून झोपले. घोरणं लगेच सुरू झालं. प्रोजेक्ट बंद.

आता खरी गंमत. एवढी शिकलेली माणसं, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतला, सगळ्यांची मुलं मोठ्या पगारावर. पण म्होरक्या झोपला तर पुढे काय करायचं हे एकालाही सुचेना.

"उठतील हो थोड्या वेळानं," मनोहरराव म्हणाले.

"तोवर अवशेष बंद नाही झाले तरी आपली बोट सुटेल," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ते झोपू देत. आपण जाऊन येऊ. जवळच आहे."

"त्यांना टाकून? बरं दिसेल का ते?"

"ग्रुपनं एकत्र राहायचं असं ठरलंय," कांचनताई म्हणाल्या. "नियम त्यांचाच आहे."

"आणि तिकिटं?" मनोहररावांना हे निर्णायक वाटलं. "सगळ्यांची तिकिटं उल्हासरावांच्या फोनमध्ये आहेत."

फोन उल्हासरावांच्या शर्टाच्या खिशात होता, खिसा टेबलावर दाबलेला. सगळ्यांनी त्या खिशाकडे पाहिलं आणि सगळ्यांनी मान वळवली. खरं सांगायचं तर कुणाला जायचंच नव्हतं. सावली होती, चीज होतं, आणि दगडांसाठी उन्हात चालण्यापेक्षा उल्हासरावांच्या तब्येतीची काळजी करणं सोयीचं होतं.

सुहासिनीबाई उठल्या. त्यांनी अपर्णाताईंकडे पाहिलं. अपर्णाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याला कुशीवर लोटावं तसं खांद्याला धरून किंचित उचललं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "डावा खिसा."

फोन निघाला. तो उघडायला अंगठा हवा. सुहासिनीबाईंनी व्याह्यांचा उजवा हात उचलला, अंगठा त्यांनीच वाटलेल्या मंडळाच्या रुमालानं पुसला आणि फोनवर टेकवला. सावकारानं कुळाचा घ्यावा तसा. फोन उघडला. एक तिकीट त्यांनी स्वतःच्या फोनवर पाठवलं, उल्हासरावांचा फोन उल्हासरावांच्या खिशात परत ठेवला, वर खिशाचं बटणही लावलं.

"कुणी येतंय?"

कुणी उठलं नाही. अपर्णाताई म्हणाल्या, "मला यांच्याजवळ बसायला हवं. तुम्ही जा हो. आणि धावू नका, गुडघा आहे."

ड्रायव्हरला काही समजवावं लागलं नाही. त्यानं टेबलावरचं दृश्य पाहिलं होतं. त्यानं सुहासिनीबाईंना फाटकाशी सोडलं, घड्याळातला काटा बोटानं दाखवून परत यायची वेळ सांगितली आणि बाकीचं गाठोडं आणायला निघून गेला.

फाटकातून आत शिरल्यावर सुहासिनीबाईंना कुणाला काही विचारावं लागलं नाही. पाय आपोआप वळत होते. झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात पडले तसेच पडलेले, मुळ्याच्या जाड चकत्या आडव्या घातल्यासारखे. फळ्यावर त्या हे खांब सरळ उभे काढायच्या. पडलेले काढायला वेळ लागतो. हेराचं देऊळ आलं, तेही ओळखीचं. लोक सावलीसावलीनं चालले होते. उल्हासरावांचं लॉजिक एका बाबतीत खरं निघालं, बोटीच्या बसेस परत गेल्या होत्या, गर्दी नव्हती. हे श्रेय त्यांना द्यायला हवं. देते.

मग कमान आली. फळ्यावर ती दोन रेघांत व्हायची. इथे आत गारवा होता आणि दगडाला ओल्या मातीचा वास होता. त्या सावकाश बोळातून गेल्या आणि दुसऱ्या टोकाला उजेडात बाहेर पडल्या.

मैदान म्हणजे नुसती लांब माती, दोन्ही बाजूंना गवताचे उतार. सुरुवातीच्या रेषेचा दगड, त्याच्यावर पायांची बोटं रोवायच्या खाचा. एक अमेरिकन बाप आपल्या दोन मुलींची शर्यत लावत होता, त्याची बायको व्हिडिओ काढत होती. सुहासिनीबाई त्यांच्यामागून वळल्या आणि उत्तरेकडच्या उताराकडे गेल्या. तिथे थोडेसे दगड होते, चौकोनी रचलेले, गुडघ्याएवढे. पाटी होती, ती कुणी वाचत नव्हतं. त्या दगडावर टेकायला गेल्या तशी कुठूनतरी पहारेकऱ्याची शिटी वाजली. त्यांनी त्याच्याकडे पाहून हात हलवला आणि शेजारी गवतात बसल्या.

बसून त्यांनी काय केलं, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही. बघितलं." रडलात का, विचारलं. त्या म्हणाल्या, "रडायला काय झालं? चांगलं दिसत होतं तिथून. पुजारीण हुशार होती, जागा बरोबर निवडली होती." मग भेंड्यांची देठं गोळा करता करता म्हणाल्या, "तिथे बसल्यावर कुणी मला काही समजावून सांगत नव्हतं गं. किती दिवसांनी."

नेत्रानं बजावलं होतं म्हणून त्यांनी फोटो काढले. बोळाचा, रेषेचा, मैदानाचा, दगडांचा. त्या अमेरिकन बाईला सांगून आपलाही एक काढून घेतला. त्यात त्या गवतात पाय पसरून बसलेल्या आहेत. केशरी टोपी घातलेली नाही.

वेळेवर मिनीबस आली. आत सगळे होते. उल्हासरावांना मागच्या बाकावर आडवं केलेलं, तोंडावर टोपी. बोटीच्या शिडीवरून मनोहरराव आणि ड्रायव्हरनं त्यांना दोन्ही बगलांत धरून चढवलं. दारावरच्या खलाशानं ढुंकूनही पाहिलं नाही, त्याला रोजचं.

रात्रीच्या जेवणाला उल्हासराव आले. चेहरा ताकासारखा, पण भांग नीट. टेबलापाशी उभे राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "हीट इंडेक्स बघता ऑलिंपिया आपण स्ट्रॅटेजिकली ड्रॉप केलं. ज्येष्ठांची सेफ्टी फर्स्ट." सगळ्यांनी माना डोलवल्या. मनोहरराव तर म्हणाले, "योग्य निर्णय." माणसं अशी नसती तर उल्हासराव असे झाले नसते.

मग ते खुर्ची ओढून सुहासिनीबाईंच्या शेजारी बसले. आवाज खाली.

"तुम्ही जाऊन आलात म्हणे."

"हो."

"एकट्या?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. सूप ढवळलं. "दुपारी मी काही बोललो का? तुम्हाला?"

"नाही हो. काही विशेष नाही."

एडिसनला परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मंडळाचं पत्रक आलं. लायब्ररीच्या हॉलमध्ये सचित्र व्याख्यान, 'ऑलिंपियाच्या भूमीवर', वक्ते श्री. उल्हास टिपणीस, चहापान. नेत्राच्या घरी ते अळूवड्यांचा डबा घेऊन आले. अळूवड्या अपर्णाताईंनी केलेल्या, डबा धरायची स्टाइल यांची.

"विहीणबाई, एक छोटं काम होतं. तुमचे ते फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना. स्टेडियमचे वगैरे. माझ्याकडे सगळे मळ्यातलेच आलेत."

"हो, टाकते की."

"आणि त्यातला तुमचा स्वतःचा आहे तो राहू द्या. म्हणजे मग ग्रुपचे वाटतील."

सुहासिनीबाईंनी अळूवडीचा तुकडा मोडला. "बरोबर आहे. पाठवते हो."

नेत्रा मागे लागली. "आई, पाठव ना गं प्लीज. बाबा रोज विचारतायत. मला ऑकवर्ड होतं." नात हर्षिता म्हणाली, "आजी, गिव्ह मी युअर फोन, इट टेक्स टू सेकंड्स."

"मला येतं पाठवायला," आजी म्हणाल्या. "मी तिकीट पाठवलं होतं एकदा."

व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला होता. मी दुसऱ्या रांगेत होते. पडद्यावर द्राक्षांचा मांडव आला, पिंपं आली, ऑलिव्हची झाडं आली, मालकीण आली, आणि तिच्यामागे टेबलावर डोकं टेकलेल्या कुणाची तरी टोपी आली. ती स्लाइड चटकन पुढे गेली. ऑलिंपियाच्या नावाखाली इंटरनेटवरून उतरवलेला एक नकाशा होता. उल्हासरावांनी लेझरचा लाल ठिपका त्यावर बराच वेळ फिरवला. मैदान दाखवताना तो झ्यूसच्या देवळावर होता. सुहासिनीबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून बडीशेप काढून मला दिली.

त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. डिशवॉशरमध्ये ताटं अजून डावीकडेच तोंड करतात. रविवारी व्याही जेवायला आले की हात धुताना न चुकता विचारतात, "विहीणबाई, ते फोटो तेवढे राहिलेच हो."

"अगंबाई, खरंच की," सुहासिनीबाई म्हणतात. "आज पाठवते."